गिरणीतले डबे आणि पोर्टफोलिओ: डिझाइनच्या प्रवेशाआधीचं वर्ष कसं वापरावं

डिझाइनच्या प्रवेशासाठी मी पहिल्यांदा मुलाखतीला गेले तेव्हा माझ्या फायलीत एकतीस चित्रं होती. सगळी स्वच्छ आणि छान शेडिंग केलेली. समोरच्या बाईंनी त्यातल्या एका खुर्चीवर बोट ठेवून विचारलं, "हिच्यावर बसणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही, कारण ती खुर्ची मी मासिकातल्या फोटोवरून काढली होती. तिच्यावर कोण बसेल, किती वेळ बसेल, उठताना हात कुठे टेकेल, याचा विचारच केला नव्हता. त्या वर्षी प्रवेश हुकला. पुढचं वर्ष मी गावातच राहून तयारी केली आणि ते वर्ष मला आजही पुरतंय.

आता मी मुलांकडून पोर्टफोलिओची, म्हणजे आपलं निवडक काम मांडलेल्या फायलीची, तयारी करून घेते. बारावी झालेली मुलं येतात, इंजिनिअरिंग किंवा बी.कॉम. करून वाट बदलणारी येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" त्याचं उत्तर या लेखात बरंच उशिरा येईल, कारण तयारीच्या वर्षातही ते उशिराच यायला हवं.

आधी दार कुठलं ते बघा

'डिझाइनला जायचंय' असं आपण एका दमात म्हणतो, पण दारं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक दाराशी मागणी वेगळी आहे.

उपयोजित कलेच्या पदवीला, म्हणजे मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणी जायचं असेल तर वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांवर हात बसलेला लागतो. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना हे शब्द ओळखीचे आहेत. त्या परीक्षांचे जुने कागद घरात असतील तर काढून ठेवा, तयारी तिथूनच पुढे न्यायची आहे.

आयआयटीच्या बी.डिझ.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड ही प्रवेशपरीक्षा आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते. एक भाग संगणकावर सोडवायचा, दुसरा कागदावर हाताने. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. तिथला प्रवेश गुणानुक्रमाने होतो, पोर्टफोलिओ कोणी मागत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पोर्टफोलिओच्या नावाखाली यूसीडच्या मुलांकडून मोठी फी घेणारे वर्ग मी पाहिले आहेत. यूसीडसाठी सराव महत्त्वाचा, सजवलेली फाइल नव्हे.

पदवीनंतर एम.डिझ.ला, म्हणजे पदव्युत्तर डिझाइनला, जायचं असेल तर चित्र बदलतं. मुंबई आयआयटीत १९६९ साली सुरू झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागात जायला आधी सीड परीक्षा, मग अभिक्षमता चाचणी आणि मुलाखत. अहमदाबादच्या एनआयडीतही (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) मुलाखत असते. अशा मुलाखतीत तुमचं काम टेबलावर येतं. परदेशी विद्यापीठं आणि बऱ्याच खासगी संस्था तर पीडीएफ आधीच मागवतात आणि त्यावरून पुढे बोलवायचं की नाही ते ठरवतात.

यूसीड आणि सीड साधारण जानेवारीत होतात. पावसाळ्यात सुरुवात केली तर परीक्षेपर्यंत जेमतेम सहा महिने हातात राहतात, म्हणून उन्हाळ्याच्या आधी सुरुवात करा. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका.

पहिले तीन महिने हाताचे

सामान थोडंच लागतं. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा (झेरॉक्सच्या दुकानात मागितला तर मिळतो), टूबी आणि फोरबी पेन्सिल, साधं बॉलपेन आणि खिशात मावेल अशी एक वही. खोडरबर पहिले तीन महिने ड्रॉवरमध्ये ठेवा. चुकलेली रेष तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी बरोबर रेष काढायची. पान गिचमिड दिसेल, पण दुरुस्ती कुठे आणि का केली हे त्यावर दिसेल. पुढे मुलाखतीत हीच पानं उपयोगी पडतात.

रोज पाऊण तास बसा. रविवारी चार तास आणि बाकीचे दिवस काहीच नाही, असं करून हात बसत नाही.

सुरुवात तांब्यापासून करा. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या तांब्याचं मनापासून कौतुक केलं आहे. तांब्या घडवायचा तर किती प्रश्न विचारावे लागतील, याची यादीच त्यांनी दिली आहे: पाणी किती मावावं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहावा, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, हातात कसा बसावा, आतून धुता कसा यावा.

तांब्या काढताना पहिली अडचण येते ती गोल तोंडाची. कडेने पाहिलेलं वर्तुळ लंबवर्तुळासारखं दिसतं. हे लंबवर्तुळ डोळ्याच्या पातळीवर अगदी चपटं होतं आणि जसं खाली जावं तसं फुगत जातं. म्हणून तांब्याच्या तोंडापेक्षा त्याच्या बुडाची वक्रता जास्त दिसायला हवी. नवशिक्या हमखास उलट करतो: तोंड गोल गरगरीत काढतो आणि बूड सरळ रेषेत, कारण तांब्या जमिनीवर सपाट टेकलाय हे त्याला माहीत असतं. जे माहीत आहे ते बाजूला ठेवून जे दिसतंय ते काढायला शिकणं, हे या तीन महिन्यांतलं खरं काम आहे. तोच तांब्या टेबलावर ठेवून काढा, जमिनीवर ठेवून काढा, आडवा पाडून काढा. मग पोळपाट, कुकर, सायकलचं चाक. आठवडाभरात फरक दिसतो.

पर्स्पेक्टिव्हसाठी, म्हणजे लांबचं लहान कसं दिसतं ते काढण्यासाठी, घरातला किंवा शाळेतला लांब व्हरांडा शोधा. एकदा फरशीवर बसून काढा, मग त्याच जागी उभं राहून काढा. क्षितिजरेषा तुमच्या डोळ्यांबरोबर वर सरकते, हे एकदा स्वतः पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

माणसं काढायला बाजार बरा. भाजी निवडणारी बाई एका जागी बसलेली असते पण तिचे हात सतत हलतात, त्यामुळे अर्ध्या मिनिटात ढब पकडावी लागते. चेहऱ्याच्या मागे लागू नका. पाठीचा बाक, गुडघे कुठे आहेत, वजन कुठल्या पायावर आहे, एवढंच टिपा. आठवड्यातून एकदा वही घरी ठेवून बाजारात जा. दहा मिनिटं नुसतं बघा, आणि घरी येऊन आठवणीतून काढा. काय आठवलं नाही ते कळतं, आणि पुढच्या वेळी डोळा तिथेच जातो. स्मरणचित्राचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

फोनमधल्या फोटोवरून काढू नका. फोटोने काय बाहेर ठेवायचं आणि काय सपाट करायचं ते आधीच ठरवलेलं असतं. तुमच्यासाठी निर्णयच उरत नाही. प्रत्येक पानावर तारीख घाला आणि कुठलंही पान फाडू नका.

पुण्यात असाल किंवा जाणं होणार असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक पूर्ण दिवस द्या. तिथले नुसते अडकित्ते काढत बसलात तरी दिवस पुरणार नाही. काम एकच, सुपारी कातरायची, पण मूठ, सांधा आणि पातं यांत कारागिरांनी किती तऱ्हा केल्या आहेत ते बघा. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या मुलांना परदेशी खुर्च्यांची नावं पाठ असतात आणि घरातला अडकित्ता कधी उघडून पाहिलेला नसतो, याचं मला वाईट वाटतं.

रंग

रंगाबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे सूचनांपेक्षा सराव जास्त लागतो. पोस्टर कलरच्या लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि काळा या पाचच बाटल्या घ्या. आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची राखाडी पट्टी रंगवा. दोन शेजारच्या पायऱ्यांमधला फरक सगळीकडे सारखा वाटेपर्यंत ती पुन्हा पुन्हा करा. नंतर आईच्या एका इरकलीतले सगळे रंग या पाच बाटल्यांतून मिसळून काढा. काठातला लाल आणि पदरातला लाल एकच आहे का, तेही बघा. रंगवलेल्या कागदाचा फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. त्यात सगळंच एकसारखं राखाडी दिसलं तर रंग कितीही भडक असोत, लांबून काहीच वाचता येणार नाही.

अक्षर

मराठी मुलांकडे एक भांडवल आहे आणि ती ते वापरत नाहीत, ते म्हणजे देवनागरी. पोर्टफोलिओ उघडावा तर सगळीकडे रोमन अक्षरं, आणि देवनागरी आलीच तर संगणकातला पहिला हाती लागलेला फॉन्ट. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो मंगल वापरला तो र. कृ. जोशींनी घडवला. ते आयडीसीत शिकवत असत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं काढली, ती अशी की अक्षराच्या वळणावरूनच नाटक विनोदी आहे की गंभीर, ते कळावं. ही परंपरा तुमच्या घरची आहे.

सरावासाठी दोन पेन्सिली रबरबँडने शेजारी शेजारी बांधा. दोन टोकांचा कोन न बदलता मोठा 'क' काढा. रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक होते, त्याचा सांगाडा आपोआप दिसतो. मग 'ग', 'म', 'ळ'. काना, वेलांटी, उकार आल्यावर तोल कसा सरकतो ते बघा. 'र्व' मधला रफार आणि 'कू' मधला ऊकार एकाखाली एक आले की ओळी एकमेकींना भिडतात. म्हणूनच देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. एवढी एक गोष्ट पाळली तरी तुमचं पोस्टर शंभरांत वेगळं दिसेल.

दुसरा सराव: गावातल्या रंगवलेल्या पाट्यांची वही करा. छापील फ्लेक्स सोडून द्या, हाताने रंगवलेल्या पाट्या घ्या. पेंटरने जोडाक्षर कसं बसवलं, जागा संपली तेव्हा काय केलं, सावली कुठल्या बाजूला टाकली. गावात असा पेंटर अजून काम करत असेल तर त्याच्या शेजारी एक दुपार बसा.

तिसरा सराव वर्तमानपत्राचा. पानावरच्या जाहिरातीवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि मजकूर न वाचता फक्त गडद-फिके ठोकळे काढा. नजर आधी कुठे जाते, मग कुठे, ते क्रमांक टाकून लिहा. मग तेच ठोकळे वेगळ्या क्रमाने मांडून बघा.

आणि मग संगणक

सहाव्या महिन्यात संगणकाकडे या, चालेल. इंकस्केप, क्रिटा आणि ब्लेंडर ही चित्रं आणि रचना करायची सॉफ्टवेअर फुकट आहेत, फिग्माचं साधं खातंही फुकट मिळतं. चोरलेल्या प्रतीची गरज नाही. मुक्ता, बालू आणि मोदक हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने केलेले देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोकळे आहेत. आयडीसीने चालवलेल्या डी-सोर्स या संकेतस्थळावर भारतीय कारागिरी आणि डिझाइनवरचं भरपूर साहित्य विनामूल्य आहे. एका वेळी एकच सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात तुमच्या वहीतलं काम पूर्ण करा. शिकवण्या बघून त्यांतलंच चित्र पुन्हा करणं पोर्टफोलिओत धरलं जात नाही.

खरा प्रकल्प कसा उभा करायचा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. पोर्टफोलिओत तीन किंवा चार पूर्ण प्रकल्प पुरतात. विषय चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा निवडा, म्हणजे वारंवार जाता येतं. मागे माझ्याकडे सोलापूरकडची एक मुलगी होती. तिने पिठाची गिरणी निवडली. तिचं काम पायरी पायरीने सांगते, कारण पद्धत त्यातूनच नीट कळते.

पहिल्या दिवशी ती मोबाइल ॲपचे पडदे काढून घेऊन आली. दळण तयार झालं की गिऱ्हाइकाला संदेश जाणार. मी ते पडदे ठेवून घेतले आणि तिला म्हटलं, आधी तीन संध्याकाळी गिरणीत जाऊन बस. गिरणीवाल्या काकांची परवानगी घे, कोपऱ्यात बस, काही सुचवू नकोस.

तीन संध्याकाळींनंतर तिच्या वहीत अकरा पानं भरली होती. एका संध्याकाळी रांगेत तेवीस डबे. कोणाच्या डब्यावर नाव नाही. काका डबे ओळखतात ते पोच्यावरून, तेलाच्या जुन्या छापावरून, तुटक्या कडीवरून. कोणाला भाकरीचं पीठ बारीक हवं, कोणाला भाजणी जाडसर, तेही त्यांच्या डोक्यात. ज्वारीनंतर लगेच गहू टाकला तर सुरुवातीचं पीठ मिसळीचं येतं, म्हणून ते क्रम लावतात. उपासाची वरई किंवा राजगिरा गव्हावर दळलेला चालत नाही, म्हणून तो सकाळी गिरणी साफ केल्यावर पहिला. आणि एक नोंद अशी: काका जेवायला गेले आणि त्यांचा मुलगा बसला, त्या दीड तासात दोनदा घोटाळा झाला.

ती शेवटची नोंद वाचून मी तिला समस्या एका वाक्यात पुन्हा लिहायला लावली. पहिल्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'डबे ओळखू येत नाहीत.' आता लिहिलं, 'काकांना जे माहीत आहे ते त्यांच्या जागी बसणाऱ्याला कळत नाही.' ॲप तिथेच गळून पडलं. तिने मात्र ते पडदे पोर्टफोलिओत ठेवले, पहिल्या पानावर, तारखेसह.

मग पर्याय. मी किमान पंधरा मागते, कारण पहिले पाच सगळ्यांना सुचतात. कागदाची चिठ्ठी पिठाने माखून वाचेनाशी होते. झाकणावर खडूने लिहिलं तर झाकणं बदलतात. रंगीत चिमटे लावले, तर पिवळ्या दिव्याखाली आणि पिठाच्या थराखाली पिवळा आणि पांढरा एकच दिसला. या टप्प्यावर मी तिला मुंबईच्या डबेवाल्यांची आठवण करून दिली. कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, एवढं सगळं त्यांच्या झाकणावरच्या काही खुणांत मावतं. माहिती थोडक्यात आणि वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी.

तिने पत्र्याचे बिल्ले कापले. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसे, फक्त आकार वेगवेगळे: गव्हाला गोल, ज्वारीला चौकोन, उपासाच्या दळणाला त्रिकोण. रंगाऐवजी आकार, कारण आकार हाताला कळतो. बारीक दळायचं असेल तर एक भोक, जाडसर असेल तर दोन. बिल्ला झाकणाला न लावता डब्याच्या कडीला. त्याचा जोड गिऱ्हाइकाकडे.

आठ दिवस गिरणीत वापरून पाहिलं. जोडबिल्ल्याची कल्पना दुसऱ्याच दिवशी मोडली. आज्या तो पदराला बांधून घरी ठेवत आणि नातवाला बिल्ल्याविना पाठवत. तिने जोड काढून टाकला आणि फक्त डब्यावरचा बिल्ला ठेवला, त्यावर घराचं नाव. काकांनी स्वतःहून भिंतीवर खिळ्यांची ओळ ठोकली आणि पुढच्या दळणांचे बिल्ले त्यावर क्रमाने अडकवू लागले. हे तिला सुचलं नव्हतं. पोर्टफोलिओत तिने तसंच लिहिलं, की हा भाग काकांचा.

तुमचा विषय वेगळा असेल, पण क्रम हाच ठेवा. आधी बसून पाहा. मग समस्या एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य बदलेपर्यंत पुढे जाऊ नका. मग पुष्कळ पर्याय हाताने काढा, दोन-तीन पुठ्ठ्यात किंवा पत्र्यात खरोखर करून बघा, ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या हातात द्या आणि काय मोडलं ते लिहा. एका प्रकल्पाला सहा ते आठ आठवडे धरा.

पानं लावताना

सगळ्यात चांगला प्रकल्प पहिला, त्याच्या खालोखालचा शेवटी. वीस-बावीस पानांच्या पुढे जाऊ नका. एका प्रकल्पाची चार-पाच पानं: काय पाहिलं, प्रश्न कसा बदलला, पर्याय, चाचणी, शेवटचं रूप. शेवटी तीन-चार पानं नुसत्या रेखाटनांची. आवडतं पण इथे न बसणारं चित्र काढून टाकावं लागेल. माझ्या पहिल्या फायलीतली एकतीसपैकी एकोणतीस चित्रं दुसऱ्या वर्षी मी बाहेर ठेवली.

फोटो उत्तरेकडच्या खिडकीपाशी, सकाळी दहाच्या सुमारास, फ्लॅशशिवाय. कागद भिंतीला सपाट चिकटवा आणि फोन त्याला समांतर धरा, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. मांडणी आडव्या ए-फोर पानावर, मजकूर थोडा. प्रत्येक चित्राखाली एक ओळ, आणि ती ओळ चित्रात न दिसणारं सांगणारी असावी. 'बिल्ल्याचं चित्र' असं लिहून काय उपयोग? 'पिठाच्या थराखाली रंग दिसेना म्हणून आकार' हे लिहा.

गटात केलेलं काम असेल तर तुमचा वाटा नेमका लिहा. एआयने केलेली प्रतिमा असेल तर तसं नोंदवा. शेजारी बसलेल्या शिक्षकाने दुरुस्त केलेली रेष असेल तर तीही तुमची म्हणून दाखवू नका. दोन प्रश्नांत ते बाहेर येतं, आणि मग बाकीच्या खऱ्या पानांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पीडीएफ किती आकाराची चालते ते प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. चित्रं लहान करून पाहा आणि ती फोनच्या पडद्यावरही वाचता येतात का ते तपासा. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःला ईमेलने.

पोर्टफोलिओ दोघांना दाखवा: एक चित्रकलेतला जाणकार आणि एक अजिबात नसलेला. 'आवडलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. पान दहा सेकंद दाखवा, झाका आणि विचारा, "काय दिसलं?" उत्तर तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळं आलं तर पान बदला.

मुलाखतीची तयारी आधी मराठीत करा. प्रत्येक प्रकल्प आईला किंवा शेजारच्या काकूंना तोंडी सांगा, त्या मध्येच 'पण का?' विचारतील तिथे थांबा. कथा मराठीत पक्की बसली की इंग्रजीत सांगताना शब्द अडले तरी मुद्दा अडत नाही.

मुलाखतीला जाताना छापील पोर्टफोलिओबरोबर मूळ वह्या न्या, पिठाचे डाग पडलेल्या, गिचमिड रेषांच्या. शक्य असेल तर केलेली वस्तूही न्या. सोलापूरकडच्या त्या मुलीने पिशवीतून तीन बिल्ले काढून टेबलावर ठेवले. परीक्षकांपैकी एकाने डोळे मिटून ते बोटांनी ओळखून पाहिले, आणि पुढची वीस मिनिटं फाइल बंदच राहिली. बोलणं गिरणीवरच चाललं होतं.